दोन हातांची शिवण

अण्णा तोंड धुताना पडले, हे धडामला छापखान्यात कळलं. तेव्हा ती शाळेच्या भूगोलाचं तिसरं प्रूफ तपासत होती.

"पडले? अण्णा?" ती फोनवर म्हणाली. "आई, नाव नीट घे. आपल्या घरात पडायचं काम माझं आहे."

आई हसली नाही. तेव्हा धडामने लाल पेन्सिल खाली ठेवली. आधी टेबलाचा काठ बघितला, मग पेन्सिलचं टोक बघितलं, मग बोटं सोडली. तिची सवयच होती ती. आणि ती उठली.

हे नाव अण्णांनीच ठेवलेलं. चालायला लागल्यापासून दाराच्या चौकटीला खांदा आपटल्याशिवाय पोरगी कधी खोलीत आली नाही, आणि पाण्याचा पेला टेकवताना टेबल तिला कधी वेळेवर सापडलं नाही. आवाज झाला की अण्णा आतून म्हणायचे, "आली धडाम." मग शेजारचे म्हणू लागले, मग शाळेतले. आता ती एकेचाळीस वर्षांची झाली होती, कानामागचे केस पांढरे व्हायला लागले होते, छापखान्यात तिने तपासलेल्या पानावर दुसरं कुणी नजर टाकायच्या भानगडीत पडत नसे. पण नाव काही सुटलं नाही.

अण्णा पुस्तकं बांधत. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, एकाच उंच खिडकीची, खळीच्या आंबूस वासाची. खिडकीखाली शिलाईची चौकट. चौकट म्हणजे एक फळी, तिच्यावर दोन खुंट, खुंटांवर आडवा दांडा, आणि दांड्यापासून फळीपर्यंत ताणून बसवलेल्या तीन फिती. छापलेल्या कागदाची सोळा पानांची घडी, तिला फर्मा म्हणतात, ती फितींना टेकवायची, सुई घडीच्या पोटातून आतबाहेर करत न्यायची, दोरा ओढायचा, वर पुढचा फर्मा ठेवायचा. सांगायला एवढंच. खरी मेख दोरा किती ओढायचा यात. जास्त ओढला तर कागद कापतो. कमी ओढला तर पुस्तक चार वाचकांच्या हातून गेलं की लोंबायला लागतं.

अण्णांची शिकवायची रीत त्यांच्या गुरूकडून आलेली होती. शिकणाऱ्याने चौकटीशी बसायचं. त्याच्या हातांवर जाड फडकं टाकायचं, म्हणजे हात दिसता कामा नयेत. अण्णा मागे उभे राहून फडक्याखाली आपले हात त्याच्या हातांवर ठेवायचे आणि ते फिरवायचे. असे महिनेच्या महिने. मग एक दिवस न सांगता आपले हात काढून घ्यायचे, आणि खालचे हात आपोआप चालत राहायचे. "डोळ्याने शिकलेलं डोळा मिटला की गेलं," ते म्हणत. त्यांचा दुसरा नेम असा, की एकाने शिवायला घेतलेलं पुस्तक दुसऱ्याने पुरं करायचं नाही. प्रत्येक हाताची ओढ वेगळी. दोन हातांनी शिवलेलं पुस्तक मध्येच कण्यात वाकतं. असं काही हाती आलं तर ते सरळ सगळा दोरा कापून पहिल्यापासून शिवायला बसत, मग शेवटचा एकच फर्मा का राहिलेला असेना.

धडाम चौदा वर्षांची असताना एक वर्ष त्या फडक्याखाली बसली होती.

"दोरा बास म्हणतो, तिथे थांबायचं," अण्णा सांगत.

"मला तो काहीच म्हणत नाही, अण्णा."

"म्हणेल. घाई करू नकोस."

वर्षभर दोऱ्याने तोंड उघडलं नाही. आपला हात वर आहे की खाली, किती गेला, किती यायचा, हे तिला धुक्यातून ऐकू आल्यासारखं कळे. शेवटी तिने एक युक्ती केली. जाड फडक्याच्या जागी धुऊन धुऊन विरलेलं एक जुनं फडकं आणून ठेवलं. त्यातून बोटं दिसत, सुई दिसे. मग तिने दोऱ्याचं ऐकायचं सोडून कागदाकडे बघायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात तिची शिलाई अशी सरळ उतरू लागली, की अण्णा वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना सांगून आले, "पोरीला हात बसला." त्यांना कुणी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. दोन दिवस तिला कुणी धडाम म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून ऊन आलं, ते नेमकं फडक्यावर पडलं, आणि अण्णांना आधी फडक्याची जाळी दिसली, मग तिची खाली लागलेली नजर.

ते ओरडले नाहीत. त्यांनी फडकं उचललं, चार घड्या घातल्या.

"चोरून बघतेस?"

"बघितलं तर येतं, अण्णा."

"मग ते येणं नव्हे. तुझा हात आंधळा आहे. जा, आईला मदत कर."

त्यानंतर ती त्या खोलीत डबा द्यायला जायची, बसायला नाही. मोठी झाल्यावर तिने प्रुफं तपासायचं काम धरलं, कारण तिथे बघतेस का म्हणून कुणी रागावत नाही.

*

अण्णांना त्याआधी आठ दिवस ताप होता. उतरला, असं वाटलं. सकाळी ते उठले, तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि खुंटीवरून सदरा घसरावा तसे खाली आले. डोळ्यांत साबण होता तोवर ते उठूच शकले नाहीत. आईने डोळे पुसल्यावर म्हणाले, "अगं, माझे पाय कुठे ठेवलेत?"

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात हात देऊन म्हटलं, दाबा. अण्णांनी असा दाबला की बाईंनी "आई गं" म्हटलं. ताकद पुरी होती. मग बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले, त्यांचा आंगठा दोन बोटांत धरला आणि वर उचलला.

"वर नेलाय की खाली?"

अण्णा वाट बघत राहिले. "काय?" ते जरा वेळाने म्हणाले. "तुम्ही अजून धरलाच नाहीत."

धडाम पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने आईचा हात धरला, पण आधी तो कुठे आहे ते बघून.

बाईंनी समजावून सांगितलं. मेंदू हाताला हुकूम पाठवतो आणि हात उलट मेंदूला पोच पाठवतो: मी इथवर आलो, इतका वाकलो. ती पोच आणणाऱ्या शिरा तापाने खाल्ल्या आहेत. हुकूम जातोय, पोच येत नाही. सुई टोचली तर दुखेल, गरम-गार कळेल. पण हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळणार नाही.

"पुन्हा शिकतील ना?" आईने विचारलं.

"शिकायला ती पोचच लागते, आजी. कोणतीही हालचाल माणूस तिच्यावरच शिकतो. कुणाची पोच जन्मापासून चोख असते, तो चटकन शिकतो. कुणाची अंधुक असते, त्याला वेळ लागतो."

"आणि अंधुक असते तो काय करतो?" हे धडामने विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडून गेलं.

"तो बघून बघून शिकतो. त्यात वाईट काही नाही. आता यांनाही तोच रस्ता आहे."

अण्णा छताकडे बघत होते. त्यांचा चादरीवरचा डावा हात, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तो आपला आपण हळूहळू वर तरंगत चालला होता, बोटं काहीतरी चाचपत असल्यासारखी. आईने तो धरून खाली ठेवला. अण्णांना कळलं नाही.

*

तीन महिन्यांत ते बसायला शिकले, चमचा धरायला शिकले, पायांकडे बघत बघत चालायला शिकले. चालताना मान वर केली की तोल जाई. आई म्हणायची, "लग्नानंतर माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीत, आता पायांकडे बघताय तेवढं." अण्णा म्हणायचे, "हसवू नकोस, पडेन." आणि ते खरंच होतं.

पण त्यांचा जीव अडकला होता तो चौकटीत. ताप यायच्या आदल्या दिवशी त्यांनी वाचनालयाचा मोठा शब्दकोश शिवायला घेतला होता. अडतीस फर्मे. सतरा शिवून झाले होते, सुई अठराव्याच्या पोटात तशीच लटकत होती. ग्रंथपाल दोनदा येऊन गेले, "कुणाला तरी सांगू का?" म्हणून विचारून गेले. अण्णा म्हणाले, "माझा हात लागलाय त्याला." एवढंच. पण आईला रोज विचारत, खोलीला कुलूप नीट आहे ना. हा शब्दकोश आपल्या हाताने पुरा करायचा, मग काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी मनाशी धरलेलं, आणि घरातल्या सगळ्यांना ते न सांगता माहीत होतं.

एक दिवस ते धडामला म्हणाले, "छापखान्यातून लवकर सुटतेस ना? तासभर येत जा खोलीवर."

"काय करायचं?"

"हातावर हात ठेवायचा. आपल्या रीतीने. हात शिकलेला आहे गं, चाळीस वर्षांचा शिकलेला. त्याला नुसती आठवण द्यायचीय."

त्या खोलीत ती सत्तावीस वर्षांत बसली नव्हती. पण ती आली. अण्णांनी रद्दी कागदांचा एक सरावाचा फर्मा दुसऱ्या, लहान चौकटीवर ठेवायला लावला, आणि मग म्हणाले, "फडकं टाक."

"अण्णा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्या पुस्तकं शिवतात का?"

तिने फडकं टाकलं. जाड. ती मागे उभी राहिली आणि तिने आपले हात त्यांच्या हातांवर ठेवले. ते गरम होते, जड होते, आणि जिकडे न्यावे तिकडे येत होते. रोज एक तास, असे पंधरा दिवस ती त्यांचे हात फिरवत राहिली. तिला सारखं वाटे, आपणच चुकतोय. शिकवणारा हात चांगला हवा, आणि आपला तर आंधळा.

सोळाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "आता काढ हात. न सांगता काढायचा असतो, पण तू काढ."

तिने काढला. अण्णांनी डोळे मिटून घेतले. कपाळावर आठी, ओठ किंचित पुढे, शिवताना असायचे तसेच.

"ही आत गेली," ते म्हणाले. "ही बाहेर. आता दुसरी फीत. येतंय गं! हळू आहे, पण येतंय. आता ओढतो."

फडकं हलत नव्हतं.

"बघ, बास म्हणाला दोरा," अण्णा म्हणाले. चेहरा उजळला होता. "काढ फडकं."

ती काढेना.

"काढ म्हणतो ना."

तिने फडकं काढलं. दोन्ही हात फळीवर पालथे पडले होते, झोपलेल्या माणसाचे असावेत तसे. सुई केव्हाच निसटून त्यांच्या मांडीवर पडली होती.

अण्णांनी बराच वेळ हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "मी शिवलं. मला आत दिसलं की मी शिवलं."

"हो अण्णा."

"म्हणजे हुकूम गेला."

"हो. गेला."

खोलीत वाळून गेलेल्या खळीचा वास होता. बाहेर वाचनालयाच्या वाचनकक्षात कुणीतरी खुर्ची सरकवली. धडामने ते जाड फडकं उचललं, चार घड्या घातल्या, आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं. मग ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. मागे नाही, शेजारी.

"माझ्या रीतीने बघू या का?" ती म्हणाली. "ती चांगली नाहीये. पण मला तेवढीच येते."

अण्णांची मान हलली.

"आधी सुई बघायची. मग सुई जिथे जायची ते भोक बघायचं. मग आपली बोटं. तिन्ही बघितल्याशिवाय हलायचं नाही. मी कप ठेवते ना, तसं."

"त्याला मी हसायचो."

"हसायचात."

"आणि ओढ? ओढ कशी बघतेस? ती काय दिसायची गोष्ट आहे?"

"दिसते. दोरा पुरता ओढला की फितीचा काठ किंचित आत वळतो. आणि भोकापाशी कागदाला बारीक खळी पडते. खळी पडली की थांबायचं. सुरकुती आली तर जास्त झालं."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. लगेच डावा हात फळीवरून निसटला, म्हणून परत हाताकडे बघितलं.

"चाळीस वर्षं मी हे करतोय," ते हाताला म्हणाले, "आणि कागदाला खळी पडते हे मला माहीत नाही."

*

मग शब्दकोश घेतला. दिवसाला एक फर्मा होई. कधी तोही नाही. घाम असा फुटे की आई शेजारी पंचा घेऊन बसायची. डोळ्यांत घाम गेला की सगळं थांबायचं, कारण डोळा गेला की हात गेला. सत्ताविसाव्या फर्म्याला अण्णांना शिंक आली आणि सुई थेट आंगठ्यात शिरली.

"दुखतंय!" ते म्हणाले. "चला, काहीतरी येतंय अजून." तिघंही हसली, आणि हसताना अण्णांना आईने दोन्हीकडून धरून ठेवलं.

मधल्या काळात धडामने त्यांना आपली सगळी गुपितं सांगितली. दारातून जाताना ती चौकटीची कोणती बाजू बघते. जिना उतरताना पायऱ्या मनात कशा मोजते. अंधाऱ्या खोलीत दिवा लावायला जाताना एक हात भिंतीवर का ठेवते. "लहानपणापासून?" अण्णा विचारत. "लहानपणापासून." "आम्हाला कधी बोलली नाहीस." "मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. बाकीचे हुशार आहेत म्हणून पडत नाहीत."

अण्णा दोरा ओढायचे थांबले. खळी पडायच्या आधीच. मग पुन्हा ओढू लागले.

अडतिसावा फर्मा एका दुपारी पुरा झाला. शेवटची गाठ मारायला त्यांना पाव तास लागला, पण ती त्यांनीच मारली. धडामने फिती सोडल्या, पुस्तक चौकटीवरून उतरवलं, कडा ठोकून सारख्या केल्या आणि त्यांच्यापुढे आडवं ठेवलं, कणा उजेडाकडे करून.

खालचे सतरा फर्मे एकमेकांना असे बिलगले होते, की तिथे कागद नसून लाकूड असावं. त्यांच्यावर एक पायरी होती. पायरीच्या वर एकवीस फर्मे सैलसर, फुगलेले. प्रत्येक नीट, प्रत्येकाला खळी, पण ओढ दुसरीच. पुस्तक मध्येच वाकलं होतं.

"चांगलं झालंय," आई म्हणाली. "मला तर काही दिसत नाही बाई."

"मला दिसतंय," अण्णा म्हणाले. ते वाकून, मान तिरकी करून बघत होते. "इथवर एकाने शिवलं. इथून पुढे हा दुसराच कुणी."

"अहो, दोन्ही तुम्हीच."

"नाही गं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तो गेला. साबण लावताना गेला तो. मी उगाच त्याची वाट बघत होतो."

मग ते म्हणाले, "सुरी दे."

धडामला नेम माहीत होता. तिने सुरी दिली. अण्णांनी मूठ बघितली, पातं बघितलं, पहिला टाका बघितला. सुरी दोऱ्यावर नेली. आणि तिथेच त्यांचे डोळे भरले. डोळे भरले तसा हात सैल झाला, पातं घसरून फळीवर वाजलं, आणि दुसरा हात मांडीवरून खाली लोंबला. ते रडत होते, आणि त्यांना डोळेही पुसता येत नव्हते, कारण पुसायचा हात कुठे आहे ते बघायला डोळे कोरडे हवेत. आईने पंच्याने त्यांचं तोंड पुसलं. पुन्हा भरलं, पुन्हा पुसलं.

धडामने सुरी उचलली.

"काप," अण्णा म्हणाले. "सगळं काप. आणि तू शीव."

"मी?"

"एक पुस्तक, एक हात. माझा तर नाही आता."

"मी बघून शिवते, अण्णा."

"बघूनच शीव."

तिने टाके कापले. आधी वरचे एकवीस, मग खालचे सतरा. खालचे कापताना दोरा तटतटून सुटत होता, आणि प्रत्येक आवाजाला अण्णा पापणी मिटत होते आणि घाईघाईने उघडत होते.

मग तिने नव्या दोऱ्याला मेण लावलं, फिती ताणल्या, पहिला फर्मा टेकवला. अण्णा शेजारी बाकावर, भिंतीला पाठ टेकून. खिडकीतून ऊन येत होतं. ती सुई बघत होती, भोक बघत होती, बोटं बघत होती. फितीचा काठ आत वळला, खळी पडली. दुसरा फर्मा. तिसरा. अण्णा तिच्या बोटांकडे बघत होते. इतके एकटक, की स्वतःच्या हातांवर नजर ठेवायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

चौथ्या फर्म्याला तिला खांद्यावर ऊब जाणवली. तिने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. त्यांचा डावा हात मांडीवरून आपला आपण तरंगत उठला होता, वाटेत हवा चाचपत, आणि तिच्या खांद्यावर येऊन टेकला होता. फडक्याखाली शिकवायचं सोडलं, तर तिला आठवत होतं तेवढ्या वर्षांत हा हात तिच्यावर कधी पडला नव्हता. आता पडला होता, आणि त्याच्या मालकाला ते माहीत नव्हतं.

दाराशी आई पंचा पिळत होती. तिने बघितलं. ती पुढे यायला निघाली, रोजच्यासारखा तो हात धरून खाली ठेवायला. धडामने तिच्याकडे बघून नको म्हणून नुसती मान हलवली. आई थांबली.

"थांबलीस का गं?" अण्णांनी विचारलं.

"दोरा गुंतला होता."

"सोडव सावकाश. घाई नाही." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "कुठून तरी ऊब लागतेय. ऊन आलं वाटतं."

"हो अण्णा," ती म्हणाली. खांदा न हलवता तिने पाचवा फर्मा उचलला.